ब्रा लवकर सैल पडते, तार टोचते, पट्ट्या घसरतात: तपासायला सुरुवात कुठून करायची

मी कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. बायका ब्रा घेऊन येतात तेव्हा ती बहुतेक वेळा पिशवीच्या तळाशी असते. सगळे कपडे दाखवून झाले की ती हळूच बाहेर निघते आणि मग हलक्या आवाजात सांगणं होतं, "हिची फक्त तार आत घालून द्या." पूर्वी मी तार आत सारून टाके घालून द्यायचे. दोन महिन्यांनी तीच ब्रा, तीच बाजू, तीच तार परत. असं इतक्यांदा झालं की आता सुई हातात घेण्याआधी मी आधी ब्रा नीट बघते आणि चार प्रश्न विचारते. तार बाहेर येणं हा बहुतेक वेळा शेवटचा परिणाम असतो. मूळ बिघाड मागच्या पट्ट्यात, मापात नाहीतर धुण्यात असतो, आणि तो तसाच राहिला तर माझे टाके कितीही पक्के असले तरी उसवणारच.

आधी लक्षणं ओळखा

मागचा पट्टा पाठीवर वर सरकतो, दिवसातून दहा वेळा खाली ओढावा लागतो. खांद्याच्या पट्ट्या घसरतात, किंवा उलट, इतक्या रुततात की रात्री खांद्यावर वळ दिसतात. तार काखेपाशी किंवा मधोमध टोचते, कधी कापड फाडून टोक बाहेर डोकावतं. फोमच्या कपाला खळगा पडतो आणि तो कपड्यावरून दिसतो. हुक वाकतात, निघतात, पाठीला ओरखडे काढतात. पांढरी ब्रा पिवळी किंवा करडी पडते. धुतलेली ब्रा घातली तरी तासाभरात खाज सुटते.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसत असतील तर त्यांचं कारण बहुधा एकच असतं. पट्टा सैल झाला की ब्रा हलते. ब्रा हलली की तारेवर वेडावाकडा ताण येतो. आधार कमी झाला म्हणून आपण खांद्याच्या पट्ट्या आवळतो, मग त्या रुततात आणि मागचा पट्टा आणखी वर खेचला जातो. म्हणून सुरुवात नेहमी पट्ट्यापासून करायची, टोचतंय कुठेही असलं तरी.

१. कोणत्या हुकावर लावता?

मागे हुक अडकवायच्या कड्यांच्या साधारण तीन रांगा असतात. त्या जाडी कमी-जास्त झाली तर असाव्यात म्हणून दिल्यात, असा बऱ्याच जणींचा समज असतो. त्यांचं खरं काम वेगळं आहे. वापराने इलॅस्टिक हळूहळू सैल होणारच, ते झालं की एक रांग आत सरकायची, मग आणखी एक. म्हणून नवी ब्रा घेताना ती सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल रांगेवर नीट बसली पाहिजे. पहिल्याच दिवशी शेवटच्या, सगळ्यात घट्ट रांगेवर लावली असेल तर पुढे आवळायला जागाच उरत नाही.

ब्रा बरी वाटते पण वर सरकते, आणि अजून बाहेरच्या रांगेवर आहे? एक रांग आत घ्या. बऱ्याच जणींची तक्रार इथेच संपते. पाठीमागे पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, अख्खी मूठ जाता कामा नये. पट्टा पुढून-मागून एका रेषेत, जमिनीला समांतर दिसला पाहिजे.

२. इलॅस्टिक जिवंत आहे का?

ही तपासणी मी खिडकीपाशी उजेडात करते. पट्ट्याचा वीतभराचा भाग दोन्ही हातांत धरा, कानाजवळ न्या आणि हळू ताणा. चांगला पट्टा काही आवाज न करता ताणतो आणि सोडला की झटकन मूळ मापावर येतो. मेलेला पट्टा ताणताना बारीक करकर आवाज करतो, वाळलेलं गवत मोडावं तसा. सोडल्यावर तो सावकाश परततो, कधी अर्ध्यावरच थांबतो. आता तोच भाग उजेडासमोर धरून पाहा. कापडाच्या पृष्ठभागावर पांढरे, आखूड, केसांसारखे तंतू उभे दिसले, किंवा कड लाटांसारखी वाकडीतिकडी झालेली दिसली, तर आतला इलॅस्टेनचा धागा तुटलेला आहे.

आपण ज्याला सर्रास लायक्रा म्हणतो तो हा धागा. ड्युपाँटमधल्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तो शोधला. मूळ लांबीच्या पाचपटीहूनही जास्त ताणून पुन्हा जागेवर येतो, हे त्याचं वैशिष्ट्य. ब्राच्या पट्ट्यातलं बाकीचं कापड बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं असतं, ते फक्त आकार देतं. धरून ठेवण्याची सगळी ताकद या थोड्याशा इलॅस्टेनमध्ये असते. उष्णता, क्लोरीनचं ब्लीच आणि अंगावरचा घाम-तेल या तिन्ही गोष्टी त्याला हळूहळू संपवतात. एकदा तुटला की कोणत्याही धुण्याने, कोणत्याही उपायाने तो परत जुळत नाही.

म्हणून करकर ऐकू आली आणि ब्रा शेवटच्या रांगेवरही सैल असेल, तर पुढच्या तपासण्या या ब्रासाठी करू नका. तिच्यावर दुरुस्तीचा पैसा घालवणं मला योग्य वाटत नाही, आणि मी ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. फक्त टाकण्याआधी तिचे हुक, पट्ट्यांवरची सरकती कडी आणि गोल रिंगा कापून डबीत ठेवा. त्या दुसऱ्या ब्राला कामी येतात.

३. तीच ब्रा रोज घालता का?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि उत्तर बहुधा "हो" असंच येतं. आवडती एकच असते, बाकीच्या कपाटात. दिवसभर अंगाच्या उबेत ताणलेलं इलॅस्टिक पूर्ण मूळ जागी यायला वेळ लागतो. निदान एक दिवस मोकळी ठेवली तर ते सावरतं. लागोपाठ चार दिवस घातली तर ते ताणलेल्या अवस्थेतच राहतं आणि तसंच लांबत जातं. निदान तीन ब्रा आलटून-पालटून वापरा: एक अंगावर, एक धुण्यात, एक विश्रांतीला.

दोन-तीनदा घातल्यावर धुणं पुरेसं असतं. फार घाम आला असेल, व्यायाम झाला असेल, अंगाला क्रीम किंवा तेल लावलं असेल, तर त्याच दिवशी धुवा. "जास्त धुतली की खराब होते" म्हणून आठवडाभर न धुता घालणाऱ्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांच्या ब्राचा पट्टा काखेखाली, नेमका जिथे घाम मुरतो तिथे, आधी जातो. पोहण्याच्या तलावातून आल्यावर तर ताबडतोब साध्या पाण्याने खळबळून काढा, त्या पाण्यात क्लोरीन असतं.

४. धुण्याची पद्धत

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त ब्रा इथेच मरतात. पण हे सांगायला गेलं की लोक कंटाळतात, म्हणून आधी आतल्या शिवणीतली छोटी चिठ्ठी वाचायला सांगते. टबाच्या चित्रात ३० लिहिलेलं असेल किंवा एक टिंब असेल तर पाणी ३० अंशांपेक्षा गरम नको. टबात हात असेल तर हाताने धुवायची. त्रिकोणावर फुली असेल तर कुठलंही ब्लीच नको. त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त क्लोरीन नसलेलं ब्लीच चालेल. चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायरमध्ये घालू नका.

हाताने धुणं वाटतं तितकं कष्टाचं नाही. गार किंवा अगदी कोमट पाण्यात थोडं सौम्य, पातळ डिटर्जंट विरघळवा, हुक लावून ब्रा त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. मग पट्टा आणि काखेचा भाग बोटांनी हलका दाबत धुवा. ब्रशने घासू नका, आपटू नका. पाण्यातला बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा. ज्यांना धुतलेल्या ब्रानेही खाज येते त्यांना मी आधी एवढंच सांगते: साबण निम्मा करा आणि एकदा जास्त खळबळा. शिवणींत आणि फोममध्ये अडकलेला साबण घामाने पुन्हा ओला होतो आणि त्वचेला लागतो.

फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा. तो धाग्यावर थर चढवतो, त्यामुळे कापड मऊ लागतं, पण पट्ट्याची पकड कमी होते आणि घामही नीट टिपला जात नाही.

मशीनशिवाय जमत नसेल तर जाळीची, चेन असलेली पिशवी घ्या. सगळे हुक लावा, पिशवीत ब्रा सैल राहतील इतक्याच घाला, नाजूक कपड्यांचा कार्यक्रम आणि कमी वेगाची पिळणी निवडा. जीन्स किंवा टॉवेलबरोबर टाकू नका. उघडा हुक दुसऱ्या ब्राच्या जाळीत अडकून ती कशी फाडतो ते मी पाहिलंय. आणि जिची तार आधीच बाहेर डोकावतेय ती ब्रा मशीनमध्ये अजिबात नको. पिशवीतसुद्धा नको.

पिवळेपणाबद्दल थोडं. पांढरी ब्रा करडी पडली असेल तर ती रंगीत कपड्यांबरोबर धुतल्यामुळे किंवा साबण साचल्यामुळे. चिठ्ठी परवानगी देत असेल तर ऑक्सिजनचं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात वापरून पाहा. क्लोरीनचं ब्लीच घातलंत तर इलॅस्टेन आणखी पिवळं पडेल आणि कमकुवतही होईल. फोमचा कप आतूनच पिवळा पडला असेल तर मात्र सोडून द्या. पॉलियुरेथेनचा फोम हवा आणि उजेडाने पिवळा होतो, तो मळ नव्हे.

५. पिळणं, वाळवणं, ठेवणं

पिळू नका. पिळताना तार वाकते आणि फोमला सुरकुती पडते. ती सुरकुती वाळली की तसाच खळगा बसतो. कोरड्या टॉवेलवर ब्रा ठेवा, टॉवेल गुंडाळा, तळव्यांनी दाबा. पाणी निघून जातं.

वाळत घालताना खांद्याच्या पट्टीला चिमटा लावू नका. ओल्या कपांचं वजन पट्टीवर येतं आणि ती लांबते. दोन कपांच्या मधला भाग दोरीवर टाका, म्हणजे एक कप इकडे, एक तिकडे. सपाट जागेवर टाकली तर उत्तम. सावलीत, वाऱ्यावर. कडक ऊन, ड्रायर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, हे सगळं इलॅस्टेनच्या जिवावर उठणारं.

खणात ठेवताना फोमची ब्रा एकातएक, सरळ उभी ठेवा. एक कप उलटा करून दुसऱ्यात घातला की तो काही दिवसांनी उलटाच राहायला लागतो. नुकताच पडलेला खळगा असेल तर कप ओला करून हाताने आकार द्या आणि आत गोल वळवलेला मऊ टॉवेल ठेवून वाळवा. जुना खळगा बहुधा जात नाही.

६. माप पुन्हा घ्या

इथपर्यंत सगळं ठीक आहे, ब्रा फार जुनी नाही, आणि तरी तार टोचते? मग मापाची पट्टी काढा. छातीच्या बरोबर खालून, पट्टी जमिनीला समांतर, श्वास सोडून, घट्ट माप घ्या. मग सगळ्यात भरलेल्या जागी सैलसर घ्या. वजन बदललं, बाळंतपण झालं, स्तनपान सुरू झालं किंवा थांबलं, की माप बदलतं. पाच वर्षांपूर्वीचा आकडा पाठ असणं कामाचं नाही.

आता ब्रा घालून आरशात बघा. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलाय का? टेकत नसेल तर कप लहान आहे. तार स्तनाच्या मुळाशी, घडीत बसलीय की स्तनावरच चढलीय? चढली असेल तर तेच. कप लहान असला की तार बाहेरच्या बाजूला फाकते. प्रत्येक हालचालीला तिचं टोक कापडाच्या नळीत मागेपुढे घासतं आणि एक दिवस शिवण फाडून बाहेर येतं. एकच तार, एकाच बाजूला, पुन्हा पुन्हा येते त्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे.

बऱ्याच जणींच्या अंगावर पट्टा मोठा आणि कप लहान असतो. पट्टा एक माप कमी केला की कपाचं अक्षर एकाने वाढवायचं, कपातली जागा तेवढीच राहते. म्हणजे इंचांच्या मापात ३६ सी सैल होत असेल तर ३४ डी घालून पाहायची. कपही लहान पडत असेल तर त्याच्याही पुढचं अक्षर. अक्षर ऐकून दचकू नका. डी म्हणजे "फार मोठं" असं काही नसतं, ते पट्ट्याच्या तुलनेतलं माप आहे.

७. पट्ट्या आणि हुक

खांद्याची पट्टी घसरत असेल तर आधी तिची लांबी बघा, दोन्ही बाजू सारख्या असाव्यातच असं नाही. योग्य जागी आणूनही सरकती कडी दिवसभरात खाली येत असेल तर कडीची पकड गेली. जुन्या ब्रामधली त्याच रुंदीची कडी घाला, किंवा जागा ठरल्यावर पट्टीचे दोन थर एकमेकांना चार टाक्यांनी शिवून टाका.

वाकलेला हुक बारीक टोकाच्या पक्कडीने दाबून सरळ होतो. हुकांची अख्खी पट्टी खराब असेल तर तयार पट्टी मिळते. रुंदी आणि हुकांची संख्या जुळवून घ्या.

८. तार परत बसवणं

तार सरळ, गंजलेली नसलेली, आणि माप बरोबर असेल तरच हे करा. टोकाला प्लास्टिकची टोपी असते ती आहे का बघा. टोपी निघालेलं धातूचं टोक नवं कापडही कापतं. टोपी नसेल तर तार पूर्ण बाहेर काढून टोकावर विजेच्या कामातली गरम केल्यावर आकसणारी बारीक नळी चढवा. गरम करायचं काम ब्रापासून दूर.

तार आत सारा आणि कापडाच्या नळीच्या दोन्ही टोकांना चिमटीत धरून पाहा. तार किंचित मागेपुढे सरकली पाहिजे, साधारण अर्धा सेंटीमीटर. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. घरी दुरुस्ती करणाऱ्या बायका नेमकी इथे चूक करतात: टाके तारेच्या अगदी टोकाला भिडवून घालतात. मग अंग वाकलं की तारेला सरकायला जागा नाही, ती टाक्यांवरच जोर देते. थोडी जागा सोडून, पॉलिएस्टरचा दुहेरी दोरा घेऊन, नळीच्या आडवे आठ-दहा टाके एकाच जागी जवळजवळ घाला. त्यावर आतून मऊ कापडाचा नखाएवढा तुकडा लावा, त्वचेला गाठ लागणार नाही.

तार मोडली असेल तर वाकवून जोडू नका. दोन्ही बाजूंच्या तारा काढून टाका किंवा दोन्ही नव्या घाला. एकाच बाजूला तार ठेवली तर दोन कप वेगळे बसतात.

इथे थांबा

तारेची नळीच लांबवर विरली असेल, पट्टा कपापासून उसवला असेल, किंवा मागचा अख्खा पट्टा बदलायचा असेल, तर ते घरच्या सुईचं काम नाही. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅग शिलाई लागते, सरळ टीप पहिल्याच दिवशी तुटते. अशी दुरुस्ती नेहमी करणाऱ्या शिवणकाम करणारीकडे न्या. तीन वेगवेगळ्या मापांच्या ब्रा घालूनही टोचत असेल तर अंतर्वस्त्रांचं माप घेणाऱ्या जाणकार व्यक्तीकडून एकदा माप घ्या.

धुतल्यावर ब्रामध्ये तार नाही आणि मशीन फिरताना खणखण किंवा खरखर आवाज येतोय, तर मशीन लगेच बंद करून प्लग काढा. तार ड्रमच्या भोकातून आत जाते. दाराजवळच्या रबराची घडी आणि फिल्टर तेवढा बघा. तिथे नसेल तर मेकॅनिकला बोलवा. "एवढं एक धुणं होऊ दे" म्हणून चालवलंत तर तार बाहेरच्या टाकीला भोक पाडू शकते.

आणि काही गोष्टी ब्राच्या नसतात. स्तनाखालच्या घडीत लाल, ओलसर पुरळ, वास, चिरलेली त्वचा आठवड्याभरात बरी होत नसेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. पट्ट्या सैल केल्यावरही हाताला मुंग्या येत असतील तरी दाखवा. तारेने झालेली जखम भरत नसेल तोवर तारेची ब्रा घालू नका. एकाच बाजूचा कप अचानक घट्ट होऊ लागला, गाठ लागली, त्वचेला खळी पडली किंवा ती जाड झाली, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, तर नवी ब्रा घेऊन बघू असं म्हणत दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि कोणत्या बाजूला, कधीपासून आणि काय बदललं ते कागदावर लिहून न्या.